पाच ग्रॅम आणि शंभर किलो

मार्च १९९६. सॅन डिएगोच्या फेडरल न्यायालयात कोकेनचा एक खटला उभा राहिला होता. आरोपी होता छत्तीस वर्षांचा रिकी डॉनेल रॉस. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात त्याला सगळे ‘फ्रीवे रिक’ म्हणूनच ओळखत. सरकारतर्फे साक्षीला उभा होता ऑस्कर दानिलो ब्लँडोन. तो निकाराग्वाचा, चांगल्या घरातला, शिकलेला, बोलण्यात अदबशीर. या दोघांची ओळख दहा वर्षांहून जुनी होती, कारण ऐंशीच्या दशकात रॉसने जे कोकेन विकले त्यातले पुष्कळसे ब्लँडोनकडूनच आलेले होते. माल पुरवणारा आता अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, म्हणजे डीईएचा, पगारी खबऱ्या झाला होता. खात्याने त्याला १,६६,००० डॉलरहून जास्त रक्कम दिलेली होती. आणि माल विकणारा जन्मठेपेच्या दारात उभा होता.

खटला उभा राहण्याआधीच सरकारी वकिलांनी न्यायालयाकडे एक विनंती केली होती: बचाव पक्षाला सीआयएविषयी प्रश्न विचारू देऊ नयेत. रस्त्यावर कोकेन विकणाऱ्याच्या खटल्यात अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेचे नाव निघण्याची भीती सरकारला का वाटावी, हे समजून घ्यायचे तर वीस वर्षे मागे जावे लागते.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. रॉस बिचारा आणि निरपराध होता असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्याने विकलेल्या मालाने त्याच्याच वस्तीतली असंख्य घरे बसली. आया मुलांना सोडून गेल्या, आज्यांनी नातवंडे वाढवली, पोरे गोळ्या लागून मेली. ही जबाबदारी तो स्वतःही झटकत नाही. पण त्याला मोठे करायला अनेकांचे हात लागले आणि शिक्षेच्या वेळी त्यातले बरेच हात नाहीसे झाले, हे मला फार अस्वस्थ करते. म्हणून हा लेख.

रिकीचा जन्म १९६०चा, टेक्सासमधला. लहानपणीच आईबरोबर तो लॉस एंजेलिसला आला. साउथ सेंट्रल नावाच्या काळ्या वस्तीत, हार्बर फ्रीवेला लागून असलेल्या गल्लीत त्यांचे घर होते. पुढे त्याने घरे-दुकाने घेतली तीही याच महामार्गाच्या आसपास, आणि ‘फ्रीवे’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. ही वस्ती पूर्वी कामगारांची. दक्षिणेतल्या राज्यांतून आलेल्या काळ्या कुटुंबांना इथल्या कारखान्यांनी पोटापाण्याला लावले होते. शेजारच्या साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० साली बंद पडला. तिथलाच जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली. ज्यांचे बाप पाळीवर जाऊन घर चालवत होते त्या मुलांना जायला पाळीच उरली नाही. क्रॅक कोकेन या वस्तीत आले ते नेमके याच वर्षांत.

रिकीच्या हाती मात्र एक गोष्ट होती: टेनिस. काळ्या मुलांचा हा खेळ नव्हे असे त्या काळी सगळेच धरून चालत. हा सार्वजनिक मैदानावर शिकला आणि डॉर्सी हायस्कूलच्या संघात चमकला. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल, खेळाच्या जोरावर आयुष्य मार्गी लागेल असा त्याचा हिशेब होता. तो चुकला, कारण मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. अंदाजपंचे नव्हे, अक्षरशः येत नव्हते. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या सरकारी शाळेने त्याला एकेक इयत्ता वर ढकलत नेले. वर्गशिक्षक बदलले, परीक्षा झाल्या, सामने जिंकले गेले, आणि मुलगा निरक्षरच राहिला. रॉसच्या आयुष्यातला पहिला गुन्हा कोणता असे मला विचाराल तर मी या शाळेकडे बोट दाखवीन.

मग तो ट्रेड-टेक्निकल कॉलेजात जाऊन टेनिस खेळत राहिला. मोटारींची बैठक शिवायला शिकवणाऱ्या ओळखीच्या एका शिक्षकाकडून आपल्या हाती पहिल्यांदा विकायला कोकेन आले, असे तो सांगतो. सुरुवात अगदी किरकोळ, काही डॉलरची. घेतलेला माल विकायचा, आलेल्या पैशात आणखी माल घ्यायचा. नफ्याला हात लावायचा नाही. वाचता न येणाऱ्या या पोराचे आकडे मात्र पक्के होते.

तोवर कोकेन ही श्रीमंतांची चैन होती. हॉलीवूडच्या पार्ट्यांत नाकाने ओढायची पांढरी पूड. भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर. त्याच पुडीचे खाण्याच्या सोड्याच्या मदतीने खडे बनवून ते चिलमीसारख्या नळीतून ओढता येतात, हे समजल्यावर सगळे चित्र पालटले. खड्याचा धूर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो. नशा जबरदस्त, पण पाच-दहा मिनिटांत उतरणारी, आणि उतरताना पुढच्या खड्याची ओढ लावून जाणारी. शिवाय एक खडा पाच, दहा, वीस डॉलरला सुटा विकता येतो. या खड्यांनाच क्रॅक म्हणतात. रॉसने क्रॅक शोधून काढले नाही. लोक स्वतः खडे बनवत बसण्यापेक्षा तयार खडे घेतील, हे मात्र त्याने लवकर ओळखले. घरे भाड्याने घेऊन तिथे माल तयार करायला सुरुवात केली. हाताखाली माणसे नेमली. क्रिप्स आणि ब्लड्स या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांपैकी कुणाचाच तो मिंधा नव्हता. ज्याच्याकडे पैसे त्याला माल.

त्याच्या धंद्याचे खरे बळ मात्र भावात होते. इतर विक्रेत्यांपेक्षा त्याला किलोमागे हजारो डॉलर स्वस्त माल मिळायचा आणि तो कधी तुटायचा नाही. हा माल यायचा ब्लँडोनकडून.

ब्लँडोन निकाराग्वाच्या हुकूमशहा सोमोसाच्या राजवटीत शेतीमालाच्या विक्रीशी संबंधित सरकारी हुद्द्यावर होता. १९७९ साली सँदिनिस्ता बंडखोरांनी सोमोसाला पळवून लावले आणि ब्लँडोन बायकोमुलांसह लॉस एंजेलिसला येऊन पडला. जुन्या मोटारी विकू लागला. मायदेशी सँदिनिस्तांविरुद्ध ‘कॉन्ट्रा’ नावाचे सैन्य उभे राहत होते आणि रीगन सरकारने सीआयएमार्फत त्याला पैसा आणि शस्त्रे पुरवायला सुरुवात केली होती. ब्लँडोनने शपथेवर जे सांगितले ते असे: तो आणि नोर्विन मेनेसेस हा नामचीन निकाराग्वी तस्कर होंडुरासला जाऊन एन्रिके बर्मुदेसला भेटले. बर्मुदेस हा कॉन्ट्रांचा लष्करी प्रमुख, सीआयएच्या पैशावर पोसलेला. त्याने त्यांना पैसे उभे करायला सांगितले. त्यानंतर ब्लँडोन कोकेन विकू लागला आणि सुरुवातीच्या काळातला नफा कॉन्ट्रांकडे गेला. पुढे सीआयएकडून भरपूर पैसा यायला लागल्यावर त्याने स्वतःसाठी धंदा चालू ठेवला.

रॉसला यातले काहीच माहीत नव्हते. निकाराग्वा नकाशावर कुठे आहे हेही त्याला सांगता आले नसते. त्याच्या लेखी ब्लँडोन हा स्वस्तात उत्तम माल देणारा, घरच्यासारखे वागवणारा मोठा माणूस होता. रॉसच्या म्हणण्याप्रमाणे भरभराटीच्या काळात काही दिवस त्याची उलाढाल वीस लाख डॉलरच्या पुढे जायची. एवढ्या नोटा मोजता मोजता माणसे थकत, म्हणून मोजणीयंत्रे आणली गेली. सरकारी वकिलांच्या अंदाजानुसार त्या दशकात त्याच्या हातून कित्येक टन कोकेन गेले. त्याने मोटेल घेतले, घरे घेतली. अंगावर मात्र सोन्याच्या साखळ्या घातल्या नाहीत. साध्या कपड्यांत, साध्या गाडीतून फिरायचा. त्याच्या धंद्याचा केवढा पसारा आहे हे पोलिसांना कळायला म्हणूनच वेळ लागला.

तोवर पोलीस काय करत होते? लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी एका लष्करी चिलखती गाडीला पुढे लांबलचक पोलादी दांडा बसवून घेतला होता. विक्रीच्या अड्ड्यांच्या भिंती पाडायला ही गाडी. फेब्रुवारी १९८५ मध्ये पाकोइमा भागातल्या एका घरावर तिचा पहिला प्रयोग झाला. पत्रकार आणि कॅमेरे बोलावलेले होते, गेट्स स्वतः गाडीत होते. भिंत धाडकन कोसळली. आत दोन बायका आणि तीन मुले होती. मुले आइस्क्रीम खात होती. नाव घेण्याजोगा माल तिथे सापडला नाही. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा धडकेपूर्वी न्यायाधीशाची परवानगी घ्यायचे बंधन पोलिसांवर घातले. मला या प्रसंगातली ती मुले विसरता येत नाहीत. आज ती पन्नाशीकडे झुकली असतील. अंगावर भिंत येताना पाहिलेल्या मुलाला पुढे पोलिसांविषयी काय वाटत राहिले असेल?

आणि मग आला १९८६ चा कायदा. त्या वर्षी १७ जूनला लेन बायस या मेरीलँड विद्यापीठाच्या अफाट गुणी बास्केटबॉलपटूला बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने निवडले. १९ जूनला तो कोकेनने मेला. वय बावीस. सगळा देश हादरला. निवडणुका तोंडावर होत्या. प्रतिनिधीगृहाचे सभापती टिप ओनील बॉस्टनचेच. दोन्ही पक्षांत कडकपणाची चढाओढ लागली आणि काही आठवड्यांत कायद्याचा मसुदा तयार झाला. तज्ज्ञांना धड विचारलेही गेले नाही. ऑक्टोबरअखेरीस रीगन यांनी सही केली. कायदा म्हणत होता: पाच ग्रॅम क्रॅक सापडले तर किमान पाच वर्षे कैद. पूड असेल तर तेवढ्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम लागणार. पन्नास ग्रॅम क्रॅकला दहा वर्षे, पुडीच्या बाबतीत त्याला पाच किलो. एकास शंभर. पदार्थ तोच, फरक एवढाच की पूड गोऱ्या उपनगरांत जास्त चालायची आणि खडे काळ्या वस्त्यांत. बायसच्या मृत्यूनंतर चर्चा झाली क्रॅकची, पण त्याने घेतली होती ती पूड.

या कायद्याने पुढे काय केले ते आकड्यांत दिसते. नव्वदच्या दशकात फेडरल न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक काळे होते. १९८० साली फेडरल तुरुंगांत सुमारे २४ हजार कैदी होते, २००० साली सुमारे १ लाख ४५ हजार. पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर साखरेएवढा ऐवज. तो खिशात बाळगणारा टोळीचा म्होरक्या असूच शकत नाही. म्होरक्याला पकडायला आणलेल्या कायद्याने गल्लीतली पोरे भरून नेली, आणि हे उघड दिसत असताना चोवीस वर्षे कुणी त्याला हात लावला नाही.

रॉसच्या मागावर १९८७ साली लॉस एंजेलिसमध्ये खास पथक नेमले गेले. त्याचे नावच ‘फ्रीवे रिक टास्क फोर्स’. शहर तापले म्हणून रॉस ओहायोतल्या सिनसिनाटीला गेला आणि तिथेही धंदा मांडला. शेवटी न्यू मेक्सिकोतल्या एका बसस्थानकावर पोलिसांच्या कुत्र्याने सिनसिनाटीला चाललेला माल हुंगून काढला आणि धागेदोरे त्याच्यापर्यंत पोचले. १९९० साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. इथे नवेच काही बाहेर आले. त्याच्या मागे लावलेल्या पथकातल्या काही पोलिसांवर धाडींतले पैसे लाटल्याचे आणि खोटे पुरावे पेरल्याचे आरोप झाले. रॉसने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली, त्या बदल्यात त्याची शिक्षा कमी झाली. टेक्सासमधल्या एका गुन्ह्याची शिक्षाही भोगून १९९४ साली तो बाहेर आला.

तुरुंगातच तो वाचायला शिकला. बारा वर्षांच्या शाळेला जे जमले नाही ते कोठडीत घडले. त्याने शेकडो पुस्तके वाचली असे तो सांगतो: व्यापाराची, स्वतःला घडवण्याची, आणि कायद्याची.

बाहेर आल्यावर वस्तीतल्या मुलांसाठी केंद्र काढायची त्याची धडपड चालली होती. हाती पैसा नव्हता. आणि तेवढ्यात ब्लँडोनचा फोन आला.

ब्लँडोनला १९९२ साली पकडले होते. टनांवारी कोकेनचा धंदा केलेल्या या माणसाने सुमारे अठ्ठावीस महिने तुरुंगात काढले, आणि डीईएसाठी काम करायच्या बोलीवर तो सुटला. त्याची पहिली मोठी कामगिरी म्हणजे रॉस. ‘शंभर किलो आहेत, गिऱ्हाईक बघ’ असा आग्रह त्याने लावून धरला. रॉसने आधी टाळले, मग तो मोहात पडला. २ मार्च १९९५ ला सॅन डिएगोजवळ एका वाहनतळावर पैसे आणि माल एकमेकांना भेटले आणि चारी बाजूंनी पोलीस धावून आले. माल सरकारचा, विकणारा सरकारचा. रॉस मात्र खराखुरा. आधीचे दोन गुन्हे नावावर असल्यामुळे ही तिसरी वेळ धरली गेली, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पॅरोलची सोय नसलेली.

त्या खटल्याला प्रेक्षकांत एक पत्रकार रोज बसत होता. गॅरी वेब, सॅन होजे मर्क्युरी न्यूज या दैनिकाचा. १९८९च्या भूकंपाच्या वार्तांकनासाठी पुलित्झर मिळालेल्या चमूत तो होता. ब्लँडोनचे नाव त्याला दुसऱ्याच एका खटल्याच्या कागदपत्रांत सापडले होते. रॉसच्या वकिलाला त्याने ब्लँडोनसाठी प्रश्न सुचवले, आणि ब्लँडोनने शपथेवर दिलेली उत्तरे वहीत उतरवून घेतली. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘डार्क अलायन्स’ ही त्याची तीन भागांची मालिका आली. दैनिकाने ती मूळ कागदपत्रांसह इंटरनेटवर टाकली. त्या काळात हे नवलच होते. काळ्या वस्त्यांत, रेडिओवर, चर्चमध्ये दुसरा विषय उरला नाही. खासदार मॅक्सिन वॉटर्स यांनी चौकशीची मागणी लावून धरली. नोव्हेंबरात सीआयएचे प्रमुख जॉन डॉइच स्वतः साउथ सेंट्रलमधल्या लॉक हायस्कूलच्या सभागृहात येऊन उभे राहिले आणि शेकडो संतप्त लोकांनी त्यांना जाब विचारला. गुप्तहेर संघटनेचा प्रमुख गरीब वस्तीत उत्तर द्यायला आल्याचा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही.

मग मोठी वृत्तपत्रे वेबवर तुटून पडली. वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स, लॉस एंजेलिस टाइम्स, तिन्ही. मालिकेत कच्चे दुवे होते, हे मान्यच करायला हवे. कॉन्ट्रांना नेमका किती पैसा गेला याचा पुरावा तोकडा होता, आणि या एकाच टोळीने देशभर क्रॅक पसरवले असे वाचकाला वाटावे अशी मांडणी होती. पण लॉस एंजेलिस टाइम्सने १९९४ साली याच रॉसचे वर्णन शहरातल्या क्रॅकच्या लाटेचा सर्वांत मोठा सूत्रधार असे केले होते. १९९६ साली त्याच दैनिकात, त्याच पत्रकाराच्या नावाने छापून आले की रॉस हा अनेकांपैकी एक, तो नसता तरी लाट आलीच असती. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या पत्रकाराने वेबच्या बाबतीत घडलेल्या प्रकाराबद्दल जाहीर खंत बोलून दाखवली. तोवर फार उशीर झाला होता. वेबच्या संपादकांनी मे १९९७ मध्ये मालिकेतल्या उणिवा जाहीरपणे कबूल केल्या, आणि त्याची बदली घरापासून लांबच्या कुपर्टिनोच्या कचेरीत झाली. वर्षअखेरीस त्याने राजीनामा दिला. मोठ्या दैनिकात त्याला पुन्हा नोकरी मिळाली नाही. १० डिसेंबर २००४ ला त्याने आत्महत्या केली.

सीआयएच्या महानिरीक्षकांचा अहवाल १९९८ साली आला. ब्लँडोन, मेनेसेस किंवा रॉस यांच्याशी संघटनेने संगनमत केल्याचा पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या खंडात मात्र, अमली पदार्थांचे आरोप असलेल्या माणसांशी आणि गटांशी सीआयएने संबंध चालू ठेवल्याची कबुली होती. १९८२ साली न्याय खाते आणि सीआयए यांच्यात एक लेखी करार झाला होता. संघटनेचे नोकर नसलेल्या, पण तिच्यासाठी काम करणाऱ्या लोकांची तस्करी कळवण्याचे बंधन त्या कराराने तिच्यावर राहिले नव्हते. वेबने सरकारवर कोकेन विकल्याचा आरोप केलाच नव्हता. त्याचे म्हणणे होते की सरकारला आपल्या कामाचे लोक हवे होते, म्हणून त्यांच्या धंद्याकडे काणाडोळा झाला. अहवाल वाचून माझे मत असे झाले आहे की मुद्द्याच्या बाबतीत वेब त्याच्या टीकाकारांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता.

रॉस इकडे तुरुंगाच्या ग्रंथालयात बसून स्वतःच्याच खटल्याचे कागद वाचत होता. तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप, हे ठीक. पण आधीचे दोन गुन्हे, टेक्सासचा आणि ओहायोचा, एकाच कटाचे भाग असतील तर त्यांना दोन कसे मोजायचे? वकिलांनी सुरुवातीला हा मुद्दा मनावर घेतला नाही, असे तो सांगतो. १९९८ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला. जन्मठेप जाऊन वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि २००९ साली तो सुटला. कॉलेजच्या शिष्यवृत्तीला मुकलेल्या मुलाने कायद्याचे कलम वाचून उरलेले आयुष्य सोडवून आणले. या सगळ्या हकिकतीत मला मनापासून आनंद देणारी ही एकच जागा आहे.

बाहेर आला तर त्याचे नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलेले होते. विल्यम लेनर्ड रॉबर्ट्स या तरुणाने ‘रिक रॉस’ नावाने रॅप गाऊन कोट्यवधी कमावले होते. त्याची गाणी कोकेनच्या बड्या व्यापाऱ्याच्या थाटाची. स्वतः तो पूर्वी फ्लोरिडात तुरुंगरक्षक होता. खऱ्या रॉसने २०१० साली दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१३ साली कलावंताच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने निकाल दिला. रॉसने मग आत्मचरित्र लिहिले, शाळांतून आणि तुरुंगांतून भाषणे दिली, आणि कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर झाल्यावर परवान्याच्या त्या धंद्यात उतरला.

कायदा मात्र फार सावकाश हलला. २०१० साली ओबामांनी सही केलेल्या कायद्याने शंभरास एक हे प्रमाण अठरास एकवर आणले. पाच ग्रॅमच्या जागी अठ्ठावीस ग्रॅम आले. ते जुन्या कैद्यांना लागू व्हायला २०१८ साल उजाडले. प्रमाण एकास एक करणारे विधेयक सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूर केले आणि ते सिनेटमध्ये अडकून पडले. त्याच वर्षी जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे फ्लोरिडातल्या एका काळ्या कैद्याचे प्रकरण आले होते. २००८ साली त्याच्याकडे ३.९ ग्रॅम क्रॅक सापडले होते. आधीचे गुन्हे धरून शिक्षा झाली होती १८८ महिन्यांची, पंधरा वर्षांच्या वर. २०१८ च्या सवलतीचा लाभ आपल्यालाही मिळावा एवढेच त्याचे मागणे होते. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ते फेटाळले. सवलत होती पाच ग्रॅम आणि पन्नास ग्रॅमच्या पायऱ्यांवर शिक्षा झालेल्यांसाठी. याचा माल त्याहून कमी भरल्यामुळे तो तिच्यात बसत नव्हता.